आधी मोज

मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. बाबा बाजारातून बांगडे घ्यायला गेले आणि पैसे देऊन पिशवी तिथेच सोडून आले, हे वाचून वाईट वाटलं. पण पुढे विचारतेस, मेंदूच्या पेशी वाचवायला हळदीची कॅप्सूल देऊ की कोकमाची? फार्मसी शिकतेस ना? मधुमेही केलेल्या उंदरांवर काय दिसलं ते बाजूला ठेव. आधी बाबांची साखर मोज गो बाय.

बाबांचा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.२ आला म्हणून घरात सगळे खूश आहेत म्हणतेस. मी नाही. वय ७४, सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी, रात्री नुसती पेज, आणि सरासरी इतकी छान? ती तीनेक महिन्यांची सरासरी आहे. चढ आणि उतार मिळूनही ती छान दिसते. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, ऊर्जा खातो २० टक्के, आणि साठा जवळजवळ नाही. चढी साखर बारीक रक्तवाहिन्या खराब करायला वर्षं घेते. उतरलेली साखर मेंदूला काही मिनिटांत उपाशी पाडते.

माझी आई संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायची आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर घ्यायची, कारण ‘गोळी चुकवू नकोस’ असं मीच बजावलेलं. तिन्हीसांजेला समईत घालायचं तेल बाहेरच ओतायची. चोळी घामाने भिजलेली. ‘माका काय्येक झाला नाय’, म्हणायची. मी म्हातारपण म्हटलं. साखर मोजायच्या पट्ट्या तेव्हा महाग होत्या, खरं आहे, पण दवाखान्यात मशीन होतं, घरापासून चाळीस पावलांवर. गावाची साखर मी रोज मोजत होतो. एका रात्री तिला आकडी आली तेव्हा मशीनने साखर २९ दाखवली. वाचली. मला ओळखायची, पण नातवंडांची नावं परत आली नाहीत.

म्हणून मोज. जेवणाआधी, झोपताना, पहाटे तीनला, आणि बोलण्यात गोंधळले की त्याच क्षणी. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नकोस, सरळ दवाखाना गाठ. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी बरीच वर्षं चालू आहे, आणि तिने बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं, तेव्हा तेही तपासून घे. ते उतरलं तरी विसरायला होतं. बीपीही बघ. गोळी मनाने बंद करू नकोस, आकडे लिहून डॉक्टरांपुढे ठेव आणि डोस कमी करायचा का ते विचार.

शनिवारी घरी जाशील तेव्हा मशीन घेऊनच जा. पहाटेचा आकडा मला लगेच कळव. मी त्या वेळी जागाच असतो.

काका
वेंगुर्ला