जुना कॅसेट डेक, नवा मोबाइल

प्रश्न: बाबांची २००१ची मारुती एस्टीम आम्ही अजून वापरतो, री-पासिंगही रीतसर करून घेतलं आहे. तिच्यात त्यांनी तेव्हाच बसवून घेतलेला पायोनियरचा कॅसेट डेक आहे. रेडिओ सुरेख वाजतो, पण कॅसेट लावली की आवाज लहरतो. ऑक्स (बाहेरून वायरीने आवाज द्यायचं सॉकेट) नाही, ब्लूटूथ नाही. दोन दुकानांत विचारलं, दोघंही म्हणाले, "काढून टाका, अँड्रॉइड स्क्रीन बसवा." बाबा डेक काढू देत नाहीत. मोबाइलमधली नाट्यगीतं त्यावर ऐकता येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, नक्की येतील. आणि डेक काढू नका. त्या काळच्या चांगल्या डेकमधला ट्यूनर (रेडिओ स्टेशन पकडणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायर आज मिळणाऱ्या स्वस्त स्क्रीनपेक्षा बहुतेक वेळा सरस निघतो. मी दोन्ही उघडून दुरुस्त करतो, म्हणून खात्रीने सांगतो. तुमच्या बाबांचा कान बरोबर आहे.

सगळ्यात आधी कॅसेट अडॅप्टर लावून बघा. कॅसेटच्याच आकाराची डबी असते, तिला साडेतीन मिलिमीटरच्या पिनची वायर असते. डबीत टेपची फीत नसते. एक छोटं हेड असतं, ते डेकच्या हेडला चिकटून बसतं आणि चुंबकीय क्षेत्रातून आवाज पलीकडे देतं. फीतच नाही म्हटल्यावर आवाज लहरायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या डेकचा पट्टा सैल झाला असेल किंवा रबरी रोलर कडक झाला असेल. अडॅप्टरला त्याने फरक पडत नाही, चाकं फिरली म्हणजे झालं. लावण्याआधी इअरबडवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. तपकिरी काळपट थर निघेल, आणि तो निघाला की आवाज उघडतो. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणारं, बटण असेल तर बंद ठेवा, नाहीतर तारस्वर दबतात. डेक ऑटो-रिव्हर्स असेल आणि सारखी बाजू बदलत बसला, तर ती डबी त्याला मानवत नाही असं समजा आणि दुसऱ्या बनावटीची घ्या. ब्लूटूथवाल्या कॅसेट डब्याही मिळतात, पण त्यांची बॅटरी इवलीशी असते.

कायमची सोय हवी असेल तर डेकची पाठ बघावी लागेल. बॅटरीची निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडवायची, डेकची बाजूची कडी काढून दोन पट्ट्या आत सरकवायच्या, की डेक बाहेर येतो. पायोनियरच्या त्या काळच्या बऱ्याच डेकना मागे सीडी चेंजरसाठी आयपी-बसचं निळं सॉकेट असायचं. ते असेल तर तुमचं काम फार सोपं आहे. आयपी-बसवरून आरसीए (आवाजाच्या वायरी लावायची गोल सॉकेटं) देणारा अडॅप्टर जुन्या बाजारात शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. जोडल्यावर डेकच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑक्स चालू करावं लागतं. ही सेटिंग डेक बंद असतानाच उघडते. ते माहीत नसल्यामुळे चांगला अडॅप्टर खराब समजून परत दिला जातो.

सॉकेट नसेल तर डेक उघडून ऑक्स काढता येतो. हे काम डाख द्यायचा हात स्वच्छ असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. ट्यूनरकडून डावा आणि उजवा असे दोन सिग्नल व्हॉल्यूमच्या आयसीकडे, म्हणजे चिपकडे, जातात. तिथे ती वाट तोडून, आत स्विच असलेल्या पाच पायांच्या जॅकमधून फिरवायची. पिन बाहेर असेल तेव्हा जॅकमधले संपर्क जुळलेले राहतात आणि रेडिओ नेहमीसारखा वाजतो. पिन घातली की रेडिओ तुटतो आणि मोबाइल लागतो. डाव्या-उजव्या दोन्ही वाटांवर ४.७ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर घालायचा, म्हणजे आयसीच्या पायावरचा डीसी (स्थिर दाब) मोबाइलकडे येत नाही. स्टेशन नसताना काही डेक आवाज दाबून टाकतात, म्हणून रेडिओ एखाद्या लागलेल्या स्टेशनवर ठेवा.

कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगा. टेपच्या हेडच्या तारांना मोबाइल जोडायचा नाही. हेडचा सिग्नल व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो आणि मोबाइल त्याच्या शेकडो पट देतो. ऐकू येईल तो निव्वळ फाटका आवाज. आणि स्पीकरच्या वायरी, निगेटिव्हसुद्धा, गाडीच्या बॉडीला टेकवायच्या नाहीत. या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मा दाब असतो. वायर बॉडीला टेकून अर्थ झालं तर आउटपुट आयसी जाऊ शकतो, आणि जुन्या डेकचा अस्सल आयसी आता सहजी मिळत नाही.

एफएम ट्रान्समीटर, म्हणजे मोबाइलचा आवाज रेडिओच्या रिकाम्या जागेवर पाठवणारी डबी, मात्र मी सुचवणार नाही. लांबच्या रस्त्यावर ठीक; पुण्यात शिरलात की रिकामी जागा शोधत बसावं लागतं, आणि गाडी चालवताना ते करू नये. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोहोचत नाही.

प्रश्न: माझ्या २००८च्या वॅगन-आरमधल्या स्टीरिओला ऑक्स आहे. त्यात ब्लूटूथ रिसीव्हर लावला, लायटरच्या चार्जरवरून करंट दिला. गाणं लागतं, पण मागे शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते. रिसीव्हर बदलला, तरी तेच.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: रिसीव्हरचा दोष नाही, म्हणून बदलून उपयोग झाला नाही. ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, शिट्टी आहे. रिसीव्हरला अर्थ (निगेटिव्हची जोड) दोन वाटांनी मिळतं, एक चार्जरमधून आणि दुसरं ऑक्सच्या वायरीतून. या दोन ठिकाणच्या अर्थमध्ये जो किंचित फरक असतो, तो थेट आवाजात मिसळतो. खात्री करून घ्या: रिसीव्हर पॉवर बँकेवर चालवून बघा. शिट्टी गेली तर निदान पक्कं.

मग दोन उपाय आहेत. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, अर्थची जोड तुटते आणि आवाज तेवढा पलीकडे जातो. पण स्वस्तातला घेतलात तर तबल्याचा डग्गा पोकळ वाजेल. मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे. रिसीव्हरच्या पाच व्होल्टच्या वायरीत बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे करंट देऊनही दोन बाजूंचं अर्थ वेगळं ठेवणारा, घाला. तो एक वॅटचा, म्हणजे २०० मिलिअ‍ॅम्पिअर देणारा. छोट्या रिसीव्हरला पुरतो, फक्त रिसीव्हरवर लिहिलेला आकडा आधी वाचा. आवाजाच्या वाटेत काहीच येत नाही, त्यामुळे खर्ज जसाच्या तसा राहतो.