मुखपृष्ठावर वटवाघूळ तेच, पण आतली गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाची नाही

‘काकू, जुलैत ऐन पावसात सातारला माहेरी गेलो होतो. बाहेर जाता येईना म्हणून लेक दिवसभर कॉमिक घेऊन बसायचा. एकदा नानांनी ते चाळलं आणि माझ्यावरच भडकले. पोरीला दारातच गोळी घालतात, हे असलं तुम्ही नऊ वर्षांच्या पोराच्या हातात देता? मी म्हटलं, अहो नाना, चित्रांचं तर पुस्तक आहे, लायब्ररीतून आणलंय.’

अगं, ‘चित्रांचं तर पुस्तक आहे’ हेच वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला ऐकवलं होतं. म्हणून तुझ्यावर रागावताना माझा आवाज फार चढणार नाही. पण रागावणार आहेच.

वर्णनावरून ते पुस्तक मी लगेच ओळखलं. १९८८ सालचं बॅटमॅनचं ‘द किलिंग जोक’. बेल वाजते, पोलीस कमिशनर गॉर्डनची मुलगी बार्बरा दार उघडते, समोर बॅटमॅनचा वैरी जोकर उभा, आणि तो तिला गोळी घालतो. पुढे तिचेच फोटो दाखवून बापाला वेडं करायचा प्रयत्न करतो. माझ्या मुलानं ते दहाव्या वर्षी वाचलं. पोरगं वाचतंय म्हणून मी सांगलीला फोन करून आईला कौतुकानं सांगितलं होतं! त्यानंतर बेल वाजली की तो आतल्या खोलीत पळायचा. शेजारच्या आजी केक घेऊन आल्या तरी दाराशी जायचा नाही. आम्ही त्याला लाजाळू झालास, माणूसघाणा झालास म्हणून बोललो. सहा महिन्यांनी पलंगाखाली झाडताना मला त्या पुस्तकातली त्यानंच काढलेली दाराची चित्रं सापडली. परदेशात वाढणारं पोर, मराठीत सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते आणि कामावरून दमून आल्यावर मी कधी नीट विचारलंही नव्हतं.

आपली चूक कुठं होते ते सांगते. आपण चांदोबा आणि अमर चित्र कथेवर वाढलो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ठोसा मारायचा, जबड्यावर कवटीचा ठसा उमटायचा, गोष्ट संपायची. चित्रं म्हणजे मुलांचं, हे आपल्या डोक्यात तिथून बसलं. अमेरिकेतही एके काळी जवळजवळ तसंच होतं. १९५४ साली प्रकाशकांनी कॉमिकमध्ये काय दाखवायचं नाही याची नियमावली स्वतःवर घालून घेतली आणि मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का छापायला लागले. १९७१ मध्ये स्पायडरमॅनची अमली पदार्थांबद्दलची गोष्ट त्या शिक्क्याशिवाय निघाली. १९८६ पासून तर ‘वॉचमेन’सारखी पुस्तकं सरळ मोठ्या माणसांसाठीच लिहिली जाऊ लागली. २०११ पर्यंत तो शिक्का पार गेला. पण बॅटमॅन तोच राहिला, छातीवरचं वटवाघूळही तेच. सहा वर्षांच्या मुलाच्या बनियनवर असतं तेच चित्र सतरा वर्षांच्या वाचकाच्या पुस्तकावर असतं, आणि आपण बनियन बघून पुस्तक आणतो.

आता नानांनाही माझा एक निरोप दे. तूच पुढे लिहितेस, ‘पाऊस उघडल्यावर नाना त्याला प्रतापगडावर घेऊन गेले, अफजलखानाची गोष्ट सांगितली, स्वारी खूश.’ म्हणजे वाघनखं आणि बाहेर काढलेला कोथळा चालला! चालायलाच हवा, साताऱ्याच्या पोराला १६५९ ची ती गोष्ट माहीत नसेल तर काय उपयोग. पण ती सांगताना नाना त्याच्या तोंडाकडे बघत होते. सांगलीला गावभागात आमची आजी अभिमन्यूची गोष्ट सांगायची. धाकट्या भावाचे ओठ थरथरले की चक्रव्यूह तिथंच सोडून भाजी निवडायला घ्यायची, उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. पुस्तक असं थांबत नाही. थांबवायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं, आणि परदेशात आजी नसते, तेव्हा तूच बसायचंस.

म्हणून कॉमिक घरात आलं की आधी तू वाच. तासाभराचं काम आहे, वेळ नाही म्हणू नकोस. मुखपृष्ठावर किंवा मागं बारकोडजवळ वयाची खूण बारीक अक्षरात असते ती बघ. स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलचं ‘टी प्लस’ म्हणजे तेराच्या पुढे, बॅटमॅन छापणाऱ्या डीसीचं ‘ब्लॅक लेबल’ म्हणजे सतराच्या पुढे. पण खुणेवर सगळं सोडू नकोस, जुन्या पुस्तकांवर ती असेलच असं नाही, आणि तुझा लेक कशाला घाबरतो हे छापणाऱ्याला ठाऊक नाही. मरण लपवायचं असंही नाही. १९६२ चा पहिला स्पायडरमॅन नऊ वर्षांच्या मुलाला जरूर दे. ज्या चोराला पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, जाऊ देतो तोच त्याच्या काकाला मारतो. रडू येईल, पण त्या रडण्यावर बोलता येतं. थोडा मोठा झाला की बॅटमॅनच्या जोडीदाराचं, रॉबिनचं सांग. १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन जेसन टॉड या रॉबिनला मारायचं ठरवलं, ५३४३ विरुद्ध ५२७१, अवघ्या ७२ मतांनी. माझ्या मुलीला मी तेराव्या वर्षी विचारलं, तू कुठल्या नंबरला फोन केला असतास? त्या रात्री आम्ही दोघी बारापर्यंत भांडत होतो.

मुंजीचं तू विचारलंस, ते घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा. शनिवारच्या मराठी शाळेला तो कंटाळतो, सगळेच कंटाळतात, पाठवत राहा. आणि आजीला इंग्रजीतच उत्तर देतो म्हणून तू डोळ्यांत पाणी आणलंस, त्यासाठी येत्या रविवारी एवढं कर. तो स्पायडरमॅन त्याच्याबरोबर वाच, मग सातारला व्हिडिओ कॉल लाव आणि पीटरच्या काकाची गोष्ट त्यालाच नानांना मराठीत सांगू दे. चोराला का सोडलं, इथं तो अडेल. तू मध्ये बोलू नकोस, शब्द नाना पुरवतील.