वाचकांचे प्रश्न : लिस्बनच्या चढावर, लिस्बनच्या उतारावर

प्रश्न : ऑक्टोबरात लेकीकडे लिस्बनला पंधरा दिवस जातोय. ती दिवसभर कामावर असणार. आम्ही दोघंही साठीपुढची, त्यात यांचे गुडघे कुरकुरतात. शहर टेकड्यांवर वसलंय म्हणे. टॅक्सी न करता आपलं आपण हिंडता येईल का?
— एक वाचिका, गुहागर

उत्तर : येईल. पण धास्ती चढाची नको, उताराची घ्या. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी तुकड्यांचे आहेत. वर्दळीने झिजून ते गुळगुळीत झालेत, जरा भुरभुर झाली की निसरडे होतात. आणि ऑक्टोबरात पाऊस असतोच. आषाढातली जांभ्याची पाखाडी उतरता तसंच तिथे उतरायचं : पावलं आखूड, टाच आपटायची नाही, अख्खा तळवा टेकायचा. बुटांना खाचांचा मऊ रबरी तळ हवा. नवे घेतलेत तर महिनाभर आधीपासून घालून फिरा.

चढ मात्र टाळता येतो. बाइशा हा खालचा भाग सपाट आहे. १७५५च्या भूकंपानंतर तो सरळसोट रस्ते आखून नव्याने बांधला. तिथल्या रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, तिकीट लागत नाही. ती मादालेना रस्त्यावर सोडते. जवळच शांव दु लोरेइरु या जुन्या बाजाराच्या इमारतीत (आता खाली सुपरमार्केट, वर वाहनतळ) दुसरी लिफ्ट. तिच्यातून बाहेर पडलात की टेकडीवरचा सांव जॉर्ज किल्ला थोडाच वर उरतो. लिफ्ट बंद असली तर फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस घ्या. २८ नंबरच्या ट्रामचं कौतुक फार, पण गर्दीत उभं राहावं लागतं आणि खिसेकापू तिथेच असतात.

किल्ल्याकडून उतरताना सान्ता लुझियाच्या सज्जावर निवांत बसा. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक चितारलाय. तो आधी पाहा, मग खाली जाऊन आजचा प्रासा दु कोमेर्सियु बघा. वाटेत आल्फामाच्या गल्ल्या लागतात. तिथे उतरत्या रस्त्यापेक्षा कठड्याच्या पायऱ्या बऱ्या.

चौकाच्या टोकाला दोन खांबांमधून पायऱ्या थेट तेजु नदीत उतरतात. संध्याकाळी बसायला याहून चांगली जागा नाही. पण नदीला भरती-ओहोटी आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आपल्या धक्क्यासारखंच. वरच्या कोरड्या पायरीवरच बसा.

प्रश्न : हॉटेलात नुसती कॉफी घेऊन बसलं तर चालतं का?
— तीच वाचिका

उत्तर : चालतं. बागांतल्या टपऱ्यांवरही खुर्च्या असतात. ‘बिका’ म्हणजे घोटभर कडू कॉफी. आपल्यासारखी दुधाची हवी तर ‘गालांव’ मागा. काउंटरवर उभ्याने घेतली तर बहुधा स्वस्त पडते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. जेवायला बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं, खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता लगेच परत द्या.