गेम सुरू केला की वीसेक मिनिटांत पीसी तापून बंद पडतो. प्रोसेसरवरची पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलली, फॅन वाढवले, फरक नाही. आता लिक्विड कूलर घेऊ का?

नका घेऊ. हौस म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, दिसतो छान. पण या दुखण्यावर तो घेऊ नका.

'तापून बंद पडतो' असं तुम्ही लिहिलंय, पण किती अंश ते कुठेच नाही. कॅबिनेटला हात लावला, गरम लागलं, मागून गरम झोत येतोय, झालं निदान! अहो, मागून गरम हवा येते म्हणजे फॅन आपलं काम करताहेत. हाच वाद मी माझ्या मावसभावाशी घालत आलेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आमच्याकडे कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की या मावसभावाला, म्हणजे दादाला बोलावतात. माझा पीसीही त्यानेच पार्ट निवडून जोडून दिलेला. लक्षणं थेट तुमचीच. गेम मस्त चालायचा, कुठे अडखळणं नाही, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडणं नाही, आणि मधेच लाइट गेल्यासारखं सगळं काळं. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही. दादा म्हणाला, "प्रोसेसर तापतोय." पेस्ट बदलली. परत बंद. "नीट पसरली नसेल." परत पेस्ट. मग पुढे फॅन, वर फॅन, बाजूची काच काढून ठेव, खोलीतला पंखा त्यावर सोड. शेवटी गाडी लिक्विड कूलरवर आली.

मी म्हणत होते, आधी मोजू. तर म्हणे, "अगं, मोजायचं काय त्यात, हात लावून बघ ना!"

आता हे माहीत असायला हवं की आजचा प्रोसेसर नुसता तापला म्हणून पटकन मरत नाही. 95-100 अंशांच्या आसपास त्याची मर्यादा येते, तेव्हा तो आधी स्वतःचा वेग आणि वीज कमी करतो. ग्राफिक्स कार्डही तेच करतं. म्हणजे गेम रडतखडत चालायला लागतो. एवढं करूनही तापमान वर गेलंच तर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडली जाते, आणि तशी वेळ येते ती कूलर सैल बसलाय, त्याच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय, किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद पडलाय अशा मोठ्या घोटाळ्यात. गेम शेवटच्या क्षणापर्यंत लोण्यासारखा चालत असेल, तर प्रोसेसरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

मी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं, दर दोन सेकंदांनी आकडे फाइलमध्ये जातील असं लॉगिंग सुरू केलं आणि खेळत बसले. बंद पडल्यावर फाइलची शेवटची ओळ पाहिली: प्रोसेसर 71, ग्राफिक्स कार्ड 74, त्याचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, 86. यात काहीच वावगं नाही. दादाला दाखवलं तर म्हणाला, सेन्सर काहीही दाखवतात. सेन्सरवर भरवसा नाही आणि स्वतःच्या तळहातावर आहे!

खरी खूण वेगळीच होती. बंद पडल्यावर लगेच बटण दाबलं तर पीसी ढिम्म हलायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की मुकाट्याने सुरू. वीज तुटली की प्रोसेसर काही सेकंदांतच थंड व्हायला लागतो, त्याला एवढी विश्रांती लागत नाही. मग कोणाला लागते? एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला. त्याचं तापमान बहुतेक मॉडेलमध्ये विंडोजला कळतच नाही. आतली सुरक्षा व्यवस्था तापमान जास्त झालं की स्वतःच वीज तोडते आणि निवल्याशिवाय चालू होऊ देत नाही.

आमचा एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी, पंखा खाली तोंड करून. हवा खालून घेणार, आणि खाली जाड गालिचा. शिवाय तिथे एक पातळ जाळी असते, मागच्या बाजूने ओढून काढायची. दादा पुढची जाळी दर वेळी निगुतीने पुसायचा. ही खालची काढली तर तिच्यावर धुळीचा नमदाच तयार झालेला. जाळी धुऊन, वाळवून बसवली, कॅबिनेट फळीवर ठेवलं. तेव्हापासून बंद पडणं थांबलं.

यावर दादा काय म्हणाला असेल? "बघ, मी म्हणत होतो ना, हीटिंगच होतं!" आजही कोणी विषय काढला की तो हेच सांगतो. अरे, पण ज्या डब्यात हीटिंग होतं त्याचं नाव तू एकदा तरी घेतलं होतंस का?

तर तुम्ही आधी लॉग काढा. शेवटच्या ओळीत प्रोसेसर खरंच शंभरीला टेकलेला असेल तर कूलर परत बसवा, पंप फिरतोय का बघा. हॉटस्पॉट कार्डच्या तापमानापेक्षा 25-30 अंशांनी वर असेल तर पेस्ट बदलायची ती कार्डवरची. आकडे सरळ असतील तर एसएमपीएसकडे वळा. कार्डला वीज देणाऱ्या केबल वेगवेगळ्या लावा, एकाच केबलची दोन टोकं नकोत. तुमचा वीसेक मिनिटांनीच बंद पडतो म्हणजे कुठेतरी उष्णता साठतेय असं वाटतं. कधीही, कसाही पडत असता तर मी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघा म्हटलं असतं. इव्हेंट व्ह्यूअरमधला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला, कर्नल-पॉवर 41 हा एरर मला दाखवू नका. विंडोज नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो, आणि ते तुम्ही स्वतः बघितलंच आहे.

हो, आणि एसएमपीएस उघडू नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय7 किंवा आय9 असेल तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते सगळ्यात आधी बघा. त्यातल्या अनेक प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती, 2024 मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच झालेली इजा मात्र अपडेटने भरून येत नाही. लॅपटॉप असेल तर यातलं निम्मं सोडून द्या.

वाढवलेल्या फॅनबद्दल म्हणाल तर मी ते काढून परत लॉग घेतला. एक-दोन अंशांपलीकडे फरक नाही. खोक्यात भरून ठेवलेत, ज्याचे आहेत त्याने येऊन घेऊन जावेत.