खर्चकपात आणि जिल्हा आवृत्ती : आधी काय कापतात, पानावर काय दिसतं

प्रश्न असा आहे की वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत हल्ली इतक्या चुका का असतात आणि खर्चकपातीशी त्याचा खरंच संबंध आहे का. आहे. पण चुका हा त्यातला किरकोळ भाग.

तरी आधी चुकांचंच घेऊ. पूर्वी बातमी वार्ताहराकडून मुख्य वार्ताहराकडे, तिथून उपसंपादकाकडे, मग मुद्रितशोधकाकडे, म्हणजे छपाईआधी चुका शोधणाऱ्याकडे, जायची. पान सोडण्यापूर्वी रात्रपाळीचा प्रमुख शेवटची नजर टाकायचा. कपातीत पहिला बळी बहुधा मुद्रितशोधकाचा. त्यानंतर चार जिल्ह्यांचे डेस्क, म्हणजे संपादनाचे विभाग, उचलून एका शहरात नेतात. बातमी व्हॉट्सअॅपवर येते. एकच उपसंपादक ती तपासतो, मथळा देतो, पानही लावतो, आणि अशी तीन-चार पानं एका रात्री त्याच्या गळ्यात असतात. ‘वडगावात अपघात’ एवढंच आलं, तर ते मावळातलं, हातकणंगल्यातलं पेठवडगाव की पुण्यातलं वडगाव शेरी, हे विचारायलाही उसंत नसते. स्थानिक डेस्कवरच्या माणसाला पोलीस ठाण्याचं नाव वाचूनच ते कळायचं.

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांत आकडे घात करतात. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे 100 कोटी, ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. घाईत 5 बिलियनचे 5 कोटी झाले की रक्कम शंभर पटीनं घसरते. यंत्रानं केलेलं भाषांतर तर इतकं गुळगुळीत असतं की शंकाच येत नाही.

आता मोठं नुकसान : जी बातमी छापूनच येत नाही. जिल्हा परिषदेच्या एखाद्या रस्त्याचं काम तपासायचं तर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकं लागतात. मग पुस्तिकेतली खडीकरणाची जाडी आणि जागेवरची जाडी ताडून पाहायची. कागद माहिती अधिकारात मागायला शुल्क 10 रुपये, पण मुदत 30 दिवसांची. नकार आला तर पहिलं अपील. त्याच्या निकालाला आणखी 30 ते 45 दिवस. म्हणजे एका बातमीला अडीच महिने. रोज पाच-सहा बातम्या द्यायच्या वार्ताहराला हे झेपत नाही. तो प्रेसनोट घेतो, ‘असे आवाहन करण्यात आले आहे’ इथे संपवतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तालुका वार्ताहराची गोष्ट आणखी अवघड. अनेक ठिकाणी त्याला नाममात्र मानधन असतं, बाकी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी ज्या कारखान्याकडे, पतसंस्थेकडे हात पसरायचा, त्यांच्याच ठेवीदारांच्या तक्रारी किंवा थकलेली ऊसबिलं तो कशी लिहिणार? लाच घेऊन बातमी दाबल्याची चर्चा गावभर होते. पण जाहिरातीपायी अशी रीतसर दाबलेली बातमी कुणाला दिसतही नाही.

मालकांची अडचण खोटी नाही. न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्राचा कागद, हा मोठा खर्च, आणि 2019च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, ते पुढच्या वर्षी 5 टक्क्यांवर आलं. मग पातळ कागद घेतात. त्यातून मागच्या बाजूची अक्षरं दिसतात आणि छापताना कागद तुटण्याचा धोका वाढतो. पानं सहसा चाराच्या पटीत कमी होतात. पण खरं सांगायचं तर कापायचीच असतील तर पानंच कापावीत. वीस पानांचं सोळा करून मुद्रितशोधक आणि न्यायालय-जिल्हा परिषद पाहणारा एक वार्ताहर टिकवला, तर वाचकाचं फारसं बिघडत नाही. होतं उलट, कारण पान कमी झालं की जाहिरातीची जागाही जाते.

तुमच्या पेपरची तपासणी करायची असेल तर आठवडाभराचे अंक घ्या आणि शेजारी दुसरा पेपर ठेवा. स्थानिक पानावरच्या किती बातम्या शब्दशः सारख्या आहेत, कितींत दुसऱ्या बाजूचं म्हणणं आहे आणि किती बातम्या सभा-सत्कार-निवेदनाच्या पलीकडच्या आहेत, एवढं मोजा.