रोटरी टूलच्या छोट्या करवतीने सागाची फळी कापताना कडा काळ्या का पडतात आणि पाते का अडकते?

आपण विचारले आहे की तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदी आणि त्याचा छकडा तयार करताना, रोटरी टूलला (हातात धरून वापरायच्या, वेगाने फिरणाऱ्या छोट्या विजेच्या यंत्राला) जोडलेल्या छोट्या करवतीने अर्धा इंच जाडीची सागाची फळी कापली की कडा काळ्या पडतात आणि पाते मध्येच अडकते, तर वेग किती ठेवावा. मी वडशाजवळच्या गावात सुतारकाम करतो आणि श्रावण लागला की हेच काम माझ्याकडे येते, म्हणून सविस्तर लिहितो.

वेगाच्या आधी फळीच्या जाडीचा विचार करायला हवा. या जोडणीचे, म्हणजे टूलच्या तोंडावर बसणाऱ्या छोट्या करवतीचे, पाते साधारण ३२ मिमी व्यासाचे असते. मधला बराचसा भाग दातेरी चाकांच्या डोक्यामागे जात असल्याने प्रत्यक्ष काप जेमतेम ६ मिमी खोल जातो. आपली फळी त्याच्या दुप्पट जाडीची आहे, त्यामुळे वेग कितीही बदलला तरी ती एका कापात तुटणार नाही. दोन्ही बाजूंनी खाच पाडून मध्ये भेटवण्याचा खटाटोपही मी सुचवणार नाही, कारण दोन रेघा क्वचितच जुळतात. नंदीखालचा जाड पाट साध्या हातकरवतीने कापून घ्या, आणि ही जोडणी छकड्याचे कठडे, पातळ पट्ट्या आणि ४ ते ६ मिमीच्या प्लायवुडसाठी राखून ठेवा. त्या कामात ती खरोखर गुणी आहे.

आता वेग. ठरावीक आकडा सांगण्यापेक्षा मी कानावर आणि भुशावर विश्वास ठेवतो. टूलच्या आणि जोडणीच्या माहितीपत्रकात दिलेली वेगाची मर्यादा न ओलांडता, टाकाऊ तुकड्यावर मध्यम वेगाने सुरुवात करा. पाते नीट कापत असेल तर फिकट, कणीदार भुसा पडतो आणि मोटरचा आवाज एकसारखा राहतो. पाते नुसते घासत असेल तर पिठासारखी तपकिरी भुकटी उडते, जळका वास येतो आणि आवाज खाली बसतो. आवाज बसू लागला की हाताचा जोर कमी करायचा असतो, पण नेमके तिथेच बहुतेक जण जोर वाढवतात. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण अशा मोटरीचा वेग व्होल्टेजबरोबर घटतो आणि तिच्याच दांड्यावर बसवलेला थंड करणारा पंखाही मंदावतो. अशा वेळी रेटून काम केले तर मोटर तापते, म्हणून पातळ कापाचे काम मी सकाळीच उरकतो.

सागाचा स्वभावही लक्षात घ्या. त्यात तेलकट अंश असतो, तो दातांच्या खोबणीत भुशासह चिकटून बसतो, आणि लाकडातील सिलिकामुळे दात लवकर बोथट होतात. प्लग काढून, पाते उतरवून, रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि पूर्ण सुकू दिले की अर्धी तक्रार मिटते. उरलेली नवे पाते लावल्यावर मिटते.

पाते अडकण्याचे दुसरे कारण म्हणजे हात वळणे. हे सपाट पाते सरळ रेषेसाठीच आहे, त्यामुळे कापाच्या खाचेत ते किंचित जरी तिरपे झाले तरी दोन्ही बाजूंनी आवळले जाते आणि टूल हातात उसळते. फळी क्लॅम्पने मेजावर घट्ट आवळा, कापायची रेघ मेजाच्या कडेबाहेर ठेवा, रेघेला समांतर ॲल्युमिनियमची पट्टी बांधा आणि जोडणीचा सपाट पाया फळीला पूर्ण टेकवून पुढे सरका. सुटणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार द्या. तो लोंबला की खाच वाकडी होऊन पाते धरले जाते. प्लायवुडच्या कडेच्या चिरफळ्या निघू नयेत म्हणून रेघेवर कागदी चिकटपट्टी लावावी.

पाते बसवताना प्लग काढलेलाच असावा, दातांची दिशा जोडणीवरील बाणाशी जुळवावी, आणि दांडा धरून ठेवणारे बटण मोटर फिरत असताना कधीही दाबू नये. जोडणी आणि टूल वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर तोंडाचे आटे जुळतात की नाही हे आधी तपासा. जबरदस्तीने पिळून बसवलेली जोडणी कामात सैल होते. एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: हेच दातेरी पाते साध्या मँड्रेलवर (पाते बसवायच्या बारीक दांडीवर) लावून, संरक्षक आवरणाशिवाय, हाताने धरून चालवू नका. बाजारात तसे संच सर्रास मिळतात, परंतु पाते लाकडात धरले गेले की टूल क्षणात बोटांकडे वळते. चष्मा आणि मास्क लावा, कारण सागाच्या भुशाने नाक आणि कातडी चुरचुरते. गळ्यातील दुपट्टा काढून ठेवा आणि सैल हातमोजे घालू नका. जुन्या दाराचे लाकूड वापरत असाल तर खिळ्यांसाठी आधी चुंबक फिरवा.

छकड्याच्या तट्ट्यासाठी बांबू घेणार असाल तर अखंड गोल बांबू या करवतीखाली धरू नका, तो गरगरतो. आधी फोडून सपाट केलेल्या कमच्या मात्र चांगल्या कापल्या जातात. चाकांसाठी ही जोडणी उपयोगाची नाही. पातळ चाके होल-सॉने (गोल कापणाऱ्या वाटीसारख्या करवतीने) काढा आणि त्यांच्या कडा त्याच रोटरी टूलला सँडिंग ड्रम (घासकागदाचा छोटा रूळ) लावून गुळगुळीत करा.