किन्नौरचे कंद: भावाने तिथे काय लावावं, तुम्ही इथे काय मागवावं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भाऊ हिमाचलात किन्नौरमध्ये सांगल्याला वीजप्रकल्पावर नोकरीला आहे, घरापुढे जागा भरपूर, हिवाळ्यात बर्फ पडतो. ट्यूलिप आणि डॅफोडिल तर सगळेच लावतात. त्यापलीकडे वसंतात फुलणारं वेगळं काय लावता येईल? आणि त्यातले थोडे कंद दिवाळीनंतर सफरचंदांच्या पेटीतून विदर्भात समुद्रपूर तालुक्यात तुमच्याकडे पाठवले तर तुमच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, फुलतील का?

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. सफरचंदांच्या पेटीत कंद घालू देऊ नका. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू निघतो. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या मोसमाची कळी आधीच तयार होऊन बसलेली असते आणि या वायूने ती आतल्या आत करपते. वरून कंद टणक दिसतो, लावल्यावर पानंही येतात, फूल मात्र येत नाही. भावाचा कोठा सफरचंदांचा असेल तर तिथेही कंद ठेवायचे नाहीत. तुमच्या फ्रीजलाही हाच नियम, त्याकडे पुढे येतो.

मी कुल्लू खोऱ्यातल्या एका रोपवाटिकेत बरीच वर्षं काम केलं, आता विदर्भात घाटंजीकडे शेती करतो. दोन्हीकडची माती हाताखालून गेली आहे, त्यामुळे दोन्ही टोकांचं सांगतो.

या कंदांना थंडी का लागते ते नीट कळलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. रानटी ट्यूलिपचं मूळ घर म्हणजे मध्य आशियातले तिएन शान आणि पामीरकडचे डोंगर. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा लांब, आणि बर्फ वितळल्यावर जेमतेम काही आठवडे ओल. झाडाने आपलं सगळं वेळापत्रक त्यावर बसवलं आहे. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपलेला दिसतो, पण तेव्हाच त्याच्या पोटात कळी घडते. मग १२ ते १६ आठवडे सलग गारवा मिळाला, साधारण ९ अंशांच्या खाली, की साठवलेल्या पिठाची साखर होते आणि दांडा लांब होण्याची तयारी पुरी होते. हा गारवा मिळाला नाही तर कळी पानांच्या बेचक्यात अडकून राहते, नाहीतर मातीला टेकूनच कशीबशी उमलते. थंडीचा हिशोब आठवड्यांत होतो. चार-दोन कडाक्याच्या रात्रींनी तो भरत नाही. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर आला होता, पण आपल्याकडे अशा रात्रीनंतरही दुपार उबदार असते आणि मातीत तो गारवा टिकत नाही.

आता भावाची बाग. सांगला साधारण २,७०० मीटरवर आहे, बर्फ हमखास, आणि पालमपूर-धर्मशाळेसारखा धो-धो पाऊस तिथे नसतो. या कंदांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण त्यांना बर्फाने काही होत नाही, झोपेच्या काळातल्या ओलीने मात्र ते सडतात. उताराची जागा निवडायची, मातीत बारीक खडी आणि जाडी रेती मिसळायची, आणि कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावायचं. जमीन गोठायच्या आधी, ऑक्टोबरपर्यंत लावणी उरकली पाहिजे. मुळं बर्फाआधी धरली पाहिजेत. बर्फाचा थर बसला की तो पांघरुणाचंच काम करतो. त्रास होतो तो बर्फ नसताना रोज रात्री गोठून दिवसा सुटणाऱ्या जमिनीचा. तेवढ्यासाठी वर पाचोळा टाकायचा.

घरापुढे सफरचंदाची झाडं असतील तर त्यांच्याखाली सिला सायबेरिका आणि चायनोडॉक्सा लावायला सांगा. दोन्ही वीतभरही उंच होत नाहीत, फुलं निळी. झाडांना पानं फुटायच्या आत त्यांचं फुलणं उरकतं, म्हणून सावलीचा प्रश्न येत नाही. बी पडून ती आपोआप पसरतात आणि काही वर्षांत झाडाखाली निळी चादर होते. मला विचाराल तर थंड बागेत पहिला पैसा या दोघांवर घालावा. मोठ्या फुलांचे संकरित ट्यूलिप दोन-तीन मोसमांत थकतात, ही छोटी मंडळी मात्र वाढतच जातात.

ट्यूलिपच लावायचे तर रानटी जातींचे लावावेत. ट्यूलिपा टार्डा पिवळा-पांढरा, जमिनीलगत चांदण्या पसरल्यासारखा दिसतो. ट्यूलिपा तुर्केस्तानिकाच्या एका दांड्यावर अनेक फुलं येतात. आणि ट्यूलिपा क्लुसियाना, बाहेरून लाल-गुलाबी पट्टा, आतून पांढरा. हा इराण-अफगाणिस्तानपासून पश्चिम हिमालयापर्यंत सापडतो. १५९३मध्ये हॉलंडमधल्या लायडनला जाऊन तिथे ट्यूलिप रुजवणाऱ्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला आहे. हे तिन्ही योग्य जागी वर्षानुवर्षं परत येतात. क्लुसियाना लक्षात ठेवा, तुमच्या कामाचा आहे.

सर्वांत देखणं झाड म्हणजे क्राउन इम्पीरियल, फ्रिटिलेरिया इम्पेरियालिस. कमरेएवढा दांडा, टोकाला पानांचा तुरा आणि त्याखाली केशरी किंवा पिवळ्या घंटांचं कडं. घंटेत खालून डोकावलं तर प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाचा टपोरा थेंब लोंबताना दिसतो, हलवला तरी सहसा पडत नाही. तुर्कस्तानपासून काश्मीरपर्यंतच्या डोंगरांत ते मूळचं आहे. कंद मुठीएवढा, आणि जुन्या दांड्याच्या जागी मधोमध भोक असतं. त्यात पाणी साचून कंद सडू नये म्हणून तो रेतीच्या थरावर जरा तिरका ठेवायची जुनी पद्धत आहे. वीतभर खोल लावा. कंदाला कोल्ह्यासारखा उग्र वास येतो, म्हणून तो घरात ठेवायचा नाही. उंदीर त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पहिल्या वर्षी नुसती पानं आली तर उपटून टाकू नये, त्याला बस्तान बसवायला वेळ लागतो.

त्याचीच धाकटी बहीण फ्रिटिलेरिया मेलिआग्रिस. फुलावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, तेही जांभळ्यावर जांभळे. हिला थोडी ओल चालते, पाटाच्या कडेला लावता येईल. हिच्या कंदाला कांद्यासारखी कोरडी साल नसते, त्यामुळे तो उघड्यावर लवकर सुकतो. हातात आल्या दिवशीच लावावा. ओलसर जागेसाठी उत्तर अमेरिकेतला कमासियाही चांगला. छोटे आयरिस, म्हणजे आयरिस रेटिक्युलाटा, बर्फ हटता हटता फुलतात, पण त्यांना उन्हाळ्यात कोरडी जागा लागते; दगडी बांधाच्या वरच्या कडेला उत्तम. डॅनफोर्डिए नावाचा पिवळा आयरिस एकदा फुलून बारीक बारीक कंदांत फुटतो आणि मग रुसतो, त्याच्या नादी लागायची गरज नाही.

स्नोड्रॉप हवाच, पण त्याचे सुकलेले कंद बऱ्याचदा उठत नाहीत. फूल संपल्यावर, पानं हिरवी असतानाच झुबका फोडून लावायची रीत आहे. दुसऱ्या देशातून मागवताना एक लक्षात ठेवा: स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारात साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या कराराच्या) परिशिष्ट २खाली येतात, परवान्याशिवाय आणता येत नाहीत. रानातून पोत्यांनी उपटून विकल्यामुळेच ही वेळ आली.

याच कारणाने भावाला माझा एक निरोप द्या. त्याच्या आसपासच्या उंच कुरणांत फ्रिटिलेरिया सिरोसा ही हिमालयातली फ्रिटिलेरिया सापडू शकेल. कुणी आणून देतो म्हणालं तरी घेऊ नये. औषधासाठी तिचे कंद इतके खणले गेले आहेत की कुरणंच्या कुरणं रिकामी झाली. कंद काढला की झाडच संपतं, आणि बियांपासून फूल यायला कितीतरी वर्षं जातात. विकत घ्यायचे ते रोपवाटिकेत वाढवलेलेच कंद.

उंदीर आणि साळिंदर ट्यूलिपचे आणि केशराच्या जातकुळीतल्या क्रोकसचे कंद आवडीने खातात. डॅफोडिल विषारी असतो, त्याला कुणी तोंड लावत नाही. ट्यूलिपच्या वाफ्यावर कोंबड्यांची जाळी अंथरून वर माती टाकली की भागतं.

आता आपल्याकडचं. तुम्ही म्हणता तसं दिवाळीनंतर कंद आले तर वेळ टळलेली असते. नोव्हेंबरात फ्रीजमध्ये ठेवले तर थंडी पुरी व्हायला फेब्रुवारी उजाडतो, आणि तेव्हा आपल्याकडे ऊन चढायला लागतं. कंद राखीपौर्णिमेच्या सुमारास, फार तर पोळ्यापर्यंत हातात पाहिजेत. भावाच्या बागेत जून-जुलैत पानं पिवळी पडली की कंद काढून, सावलीत सुकवून पाठवता येतात. तुमची राखी तिकडे जाईल, कंद इकडे येतील. आल्यावर कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, टमाटे नाहीत. जुना जास्तीचा फ्रीज घरात असेल तर सर्वांत सोयीचं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर काढून लगेच लावायचे. मध्ये आठ दिवस उबेत पडले तर मिळालेली थंडी वाया जाते.

जमिनीत लावू नका. आपली काळी भारी माती पाणी धरून ठेवते, त्यात हे कंद कुजतात. मातीची कुंडी घ्या. मुरूम, रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, वर सोयाबीनच्या कुटाराचा थर द्या म्हणजे मुळं गार राहतील. घराच्या उत्तर बाजूला, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशा जागी ठेवा. जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुलं येतील. दांडे काश्मीरपेक्षा आखूड राहतील आणि दुपारच्या उबेत फूल लवकर पसरून गळेल.

त्यानंतर तो कंद संपला असं समजा. ट्यूलिपचा जुना कंद दरवर्षी मोडतो आणि त्याच्या जागी नवे बनतात. त्यांना भरण्यासाठी फुलानंतर दीड-दोन महिने गार हवेत हिरवी पानं लागतात. आपल्याकडे मार्चमध्येच पानं वाळतात, नवे कंद लसणाच्या पाकळीएवढेच राहतात, आणि पुढे मे महिन्याची पंचेचाळीस अंशांची माती व त्यावर मृगाचा पाऊस, यातून ते वाचत नाहीत. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात, तेही मुख्यतः परदेशातून आणलेले कंद असतात. चिखलदऱ्याला जमेल का, असंही मनात आलं असेल. तिथली थंडी आपल्यापेक्षा खरी, पण तिचे दिवस इतके सलग नसतात आणि पावसाळा फार जड जातो.

म्हणून मोजकंच मागवा: ट्यूलिपा क्लुसियाना, कारण त्याला थंडी कमी पुरते, आणि पेपरव्हाइट जातीचा नर्गिस, ज्याला थंडी द्यावीच लागत नाही. हा ऑक्टोबरच्या शेवटी कुंडीत लावला की डिसेंबरात ओटा सुगंधाने भरून जातो. क्राउन इम्पीरियल, स्नोड्रॉप, सिला इकडे आणू नका. तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या जगतील, इथे पहिल्याच वर्षी मरतील, आणि मला ते बघवत नाही. बाजारात निळ्या ट्यूलिपच्या बियांची पाकिटं मिळतात, तीही घेऊ नका. खरा निळा ट्यूलिप नसतोच, आणि बियांपासून ट्यूलिप फुलायला पाच-सात वर्षं लागतात. केशराचं कुणी विचारलं तर तोही क्रोकसच, पण तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो. त्याचा या वसंताशी संबंध नाही.

सांदवाडीत कायमचे कंद हवे असतील तर आपल्या ऋतूत बसणारे घ्या. हिपिअ‍ॅस्ट्रम, ज्याला आपल्याकडे नुसतं लिली म्हणतात, मार्च-एप्रिलमध्ये मोठी लाल फुलं देतो. त्याचं पाणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तोडलं की दांडे जोरात येतात. फुटबॉल लिली रोहिणीच्या आसपास पहिल्या वळवाच्या सरीने जागी होते आणि लाल गोळा उभा करते. रेन लिलीचं तर नावातच सगळं आहे. निशिगंध तुमच्याकडे असेलच. आणि धुऱ्यावर, पडीक मुरमाड जागेत रानकांदा बघा. ऐन उन्हाळ्यात, पान एकही नसताना, कोरड्या जमिनीतून त्याचा फुलांचा दांडा येतो. बर्फातून वर येणाऱ्या आयरिसचं मला जितकं कौतुक आहे तितकंच याचं. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी चढवता येते, पण तिचा कंद अत्यंत विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा दावणीला जनावरं असतील तर तिला लांबच ठेवा. रानकांदाही खाण्याचा नाही, हे मुलांना सांगून ठेवा.

भावाला पार्सलचं एवढं सांगा: प्रत्येक जात वेगळ्या कागदी पिशवीत, वर पेन्सिलने नाव, प्लॅस्टिक अजिबात नाही, आणि बुरशी आलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा कंद तिथेच काढून टाकायचा. तुमच्या घराची उत्तर बाजू मोकळी आहे का, आणि विहिरीचं पाणी खारं आहे की गोडं, ते कळवा. पाणी खारं असेल तर नर्गिसच्या कुंड्यांसाठी मातीचं मिश्रण थोडं बदलावं लागेल.